कणगीचा तळ दिसत असताना दिलेली मूठ

महूची_सावली (धागाकर्ती)

सर्वांना सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत बायबलमधील, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय वाचण्यात आला. उपासना संपली तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता, त्यामुळे माणसे ओसरीतच थांबली आणि त्या अध्यायावरून चांगलीच चर्चा रंगली. पण पाऊस उघडताच ज्याला त्याला गुरांची आठवण झाली आणि बोलणे अर्धवट राहिले. ते येथे पुढे न्यावे, म्हणून हा धागा. ज्याच्या घरात स्वतःलाच पुरत नाही त्याने दुसऱ्याला द्यावे काय, आणि द्यावे असे असेल तर ‘दे’ म्हणून त्याला सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, हे ते दोन प्रश्न.

प्रथम त्या अध्यायाविषयी. यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल वर्गणी गोळा करत होता. करिंथ हे दोन बंदरांमध्ये वसलेले, व्यापारावर सुखावलेले शहर होते. तेथील मंडळीने वर्षभरापूर्वी उत्साहाने हे काम हाती घेतले होते, परंतु पुढे ते रेंगाळले. तेव्हा पौल त्यांना मासेदोनियातील मंडळ्यांचा, म्हणजे फिलिप्पै, थेस्सलनीका या बाजूच्या लोकांचा दाखला देतो. त्या मंडळ्या छळ सोसत होत्या, आणि त्यांच्या गरिबीचे वर्णन करताना पौलाने वापरलेल्या ग्रीक शब्दांचा अर्थ ‘खोल तळापर्यंत गेलेले दारिद्र्य’ असा होतो, असे आमच्या पाळकांनी सांगितले. आमच्याकडे कणगीचा तळ दिसू लागला की जे म्हणतात, तेच हे. असे असताना त्या लोकांनी आपल्या ऐपतीपलीकडे दिले, आणि ‘या सेवेत आम्हालाही वाटा घेऊ द्या’ म्हणून पौलाची विनवणी केली. मी मात्र या विनवणीपाशी दर वेळी अडखळते, कारण विनवण्या मागणाराच करतो असे आपण धरून चाललेले असतो.

आता घरची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय माझा प्रश्न तुम्हाला कोरडा वाटेल. आमचे गाव सुरत–धुळे महामार्गावर, कोंडाईबारीच्या घाटाखाली आहे. २५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागली आणि दोन-तीन दिवसांतच सुरतेहून निघालेली माणसे आमच्या गावावरून पायी जाऊ लागली. कोणी साक्रीकडचे होते, कोणी पारोळ्याचे, तर कोणाला थेट विदर्भात जायचे होते. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरे, आणि हॉटेले सगळी बंद. त्या वेळी आमच्या घरची अवस्था अशी होती की भावाचा कापूस खोलीत पडून होता आणि खरेदी थांबली होती. गुजरातेतील ऊसतोडीवरून तो नुकताच परतला होता, पण घेतलेली उचल अजून फिटली नव्हती. आणि खाणारी तोंडे सहा.

माझ्या आईची एक जुनी सवय आहे. दळणासाठी ज्वारी काढली की आधी एक मूठ गाडग्यात टाकायची आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ते धान्य मंडळीत अर्पण म्हणून न्यायचे. प्रार्थनामंदिर बंद झाल्याने गाडगे तसेच राहिले होते. आईने ती ज्वारी दळली, भाकरी केल्या, सोबत मिरचीचा ठेचा घेतला आणि रस्त्याच्या कडेला लिंबाखाली जाऊन बसली. पहिल्या दिवशी चौदा भाकरी झाल्या, हे मला आठवते, कारण पंधरावा माणूस आला तेव्हा टोपलीत काही उरले नव्हते आणि आईने त्याला नुसते पाणी दिले. त्याची रुखरुख तिला अजूनही आहे. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या तीन-चार घरांतूनही भाकरी येऊ लागल्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडगे रिकामे झाले आणि प्रश्न कणगीचा आला. भाऊ म्हणाला की कणगीला हात लावायचा नाही. कापूस कधी विकला जाईल याचा पत्ता नाही आणि घरात दोन लेकरे आहेत. आई म्हणाली, “दोन घास कमी खादात त कोनी मरस नही.” त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. मी माहेरीच अडकलेली असल्याने हे सारे डोळ्यांनी पाहिले आणि खरे सांगायचे तर मला भावाचे म्हणणेच पटत होते. त्यानंतर आईने कणगीला हात लावला नाही, तरीही रोज चार भाकरी रस्त्यावर जात राहिल्या. आठ-दहा दिवसांनी वहिनीच्या लक्षात आले की सासूबाई संध्याकाळी जेवतच नाहीत, ‘दुपारचे अजून अंगावर आहे’ असे म्हणून उठतात, आणि सकाळची भाकरीही अर्धीच खातात.

मासेदोनियाचे लोक मला समजतात ते या आठवणीतून. पण गेल्या रविवारी ओसरीत मंडळीच्या एका वडिलांनी, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एकाने, याच अध्यायाच्या आधाराने असे प्रतिपादन केले की हंगाम बुडाला तरी दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग मंडळीला देणे, चुकता कामा नये, आणि मी अस्वस्थ झाले. आईने केले ते आणि हे वडील मागतात ते, या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय? आपल्याला काय वाटते?


दोंडाईचेकर

बाई, एकच नाहीत. आणि त्या एक आहेत असे भासवण्यावर काही मंडळ्यांचा कारभार चालतो, हे कटू असले तरी लिहितो.

गरिबाच्या दानाचा विषय निघाला की मार्काच्या बाराव्या अध्यायातील दरिद्री विधवा पुढे केली जाते. तिने मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे एक दमडी टाकली; श्रीमंतांनी आपल्या समृद्धीतून टाकले आणि तिने आपली सारी उपजीविकाच टाकली, असे येशू म्हणाला. आपण ही गोष्ट तेवढीच कापून वाचतो. तिच्या अगदी आधीच्या ओळींत येशू यहुदी शास्त्र्यांविषयी सांगतो की ते विधवांची घरे गिळंकृत करतात आणि वर लांबलचक प्रार्थना करतात. आणि पुढचा अध्याय उघडताच तो शिष्यांना सांगतो की या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. म्हणजे घरे गिळणारे लोक, मग घर गिळले गेलेली बाई, आणि मग ते गिळणारी इमारत, असा तो क्रम आहे. येशूने तिला थांबवले नाही हे खरे, पण ‘तुम्हीही असेच करा’ असेही तो तेथे म्हणत नाही. त्याच्या बोलण्यात कौतुक आहे की कळवळा, हे आवाज ऐकल्याशिवाय ठरवणे कठीण आहे आणि आवाज तर आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. मला त्यात दोन्ही ऐकू येतात.

मी स्वतः एका मंडळीत पाहिले आहे की इमारत निधीसाठी कुटुंबांची नावे व रकमा उपासनेत मोठ्याने वाचल्या जात. एका सालदाराने आखाजीला मालकाकडून पुढच्या सालाची उचल घेतली आणि तीतून आपल्या नावापुढचा आकडा भरला. त्याची साक्ष म्हणून टाळ्या वाजवण्यात आल्या. मी त्या टाळ्यांत सामील होतो, म्हणून ती लाज माझीही आहे.

आणि तुमच्या ओसरीतल्या वडिलांना हे जरूर सांगा की त्याच अध्यायात पौल ‘मी हे आज्ञा म्हणून सांगत नाही’ असे स्पष्ट लिहितो, आणि दशमांशाचा शब्दही त्या अध्यायात नाही.


रेल्वे_कॉलनी_भुसावळ

मी एकवीस वर्षे आमच्या मंडळीचा खजिनदार होतो, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे.

दोंडाईचेकर दादांचे विधवेविषयीचे वाचन मला पूर्ण अमान्य नाही. मात्र त्यातून एक धोका संभवतो, तो असा की गरिबाचे दान पाहिले की आपण लगेच ‘बिचारा फसवला गेला’ असे मानू लागतो आणि त्याला देणाऱ्यांच्या पंगतीतून उठवतो. मी नवखा खजिनदार असताना एका गँगमनची विधवा दर महिन्याला दहा रुपये आणून देत असे. तिचे निवृत्तिवेतन अजून सुरू झाले नव्हते, हे मला ठाऊक होते. एकदा मी मोठ्या समजूतदारपणाने म्हणालो, “मावशी, राहू द्या, तुम्हालाच लागतील.” त्यांनी नोट घेतली, पदराच्या गाठीला बांधली आणि दोन महिने उपासनेला आल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात मीच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि इतकेच विचारले की माझी नोट काय खोटी होती? मी त्यांची क्षमा मागितली. मासेदोनियाच्या लोकांची विनवणी मला त्या दिवशी समजली. पौलानेही बहुधा प्रथम ‘तुम्ही राहू द्या’ असेच म्हटले असावे.

नावे वाचून दाखवण्याच्या प्रकाराचा मी कायम विरोधक राहिलो आहे. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, या वचनाला आमच्याकडे साध्या पाकिटांनी आकार दिला: सर्वांना एकसारखी पाकिटे, वर नाव नाही. त्याच आठव्या अध्यायाचा शेवटचा भाग सहसा कोणी वाचत नाही, पण खजिनदाराने तो पाठ करावा असा आहे. एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणी आपल्यावर ठपका ठेवू नये म्हणून पौल आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोघा बंधूंना पाठवतो आणि देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख असावा, असे म्हणतो. गरिबाने पोट मारून दिलेल्या पैशाचा हिशेब सैल ठेवणे हा मला इतर कोणत्याही अपहारापेक्षा हीन प्रकार वाटतो.


पांझराकाठ

मी हा धागा दोन दिवस नुसता वाचत होते. लिहावे की नाही, हे ठरत नव्हते.

माझे वडील सुवार्तिक, म्हणजे मंडळीचे प्रचारक, होते. पगार तुटपुंजा, तोही वेळेवर नाही. पण दारी आलेला माणूस रिकाम्या हाताने गेला, असे कधी झाले नाही. त्यांच्या अंत्यविधीला धुळ्यात जमलेली गर्दी पाहून लोक अचंबित झाले होते आणि प्रत्येकाजवळ त्यांच्या औदार्याची एक तरी गोष्ट होती. आमच्याजवळही गोष्टी होत्या. त्या आम्ही सांगितल्या नाहीत. माझी परीक्षेची फी एका अनोळखी रुग्णाच्या औषधाला गेली आणि मी वर्षभर घरी बसले, ही त्यांतली एक. आईची पितळेची भांडी एकेक करून कमी होत गेली, ही दुसरी. वडिलांनी दिले हे खरे, पण जे दिले त्यात त्यांचे किती होते आणि आमचे किती होते?

पवित्र शास्त्राने हा प्रश्न टाळलेला नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात ‘कुर्बान’चा प्रसंग आहे. आईबापांना ज्या वस्तूने मदत झाली असती ती देवाला अर्पण केली आहे असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना येशूने ढोंगी म्हटले आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट, असे कठोर वाक्य आहे. उदारतेवरच्या किती उपदेशांत ही वचने तुम्ही ऐकली आहेत?

महूची_सावलीताई, तुमच्या आईने कणगीला हात लावला नाही, हे वाचून मला रडू आले. तरीही एक विचारते, राग मानू नका. घरातल्या बाईचा घास हा फक्त तिचा असतो काय? ती अशक्त झाली तर ते कोण निस्तरते?


तळोद्याचा_अभ्यासक

पांझराकाठताईंच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. मात्र महूची_सावलीताईंच्या आईने शोधलेला मार्ग किती जुना आहे, ते सांगावेसे वाटते.

दुसऱ्या शतकात अथेन्सच्या अरिस्तिदीस नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने रोमी सम्राटासाठी ख्रिस्ती लोकांच्या बाजूने एक निवेदन लिहिले. मूळ लेखन शतकानुशतके हरवलेले होते. १८८९ मध्ये सिनाय पर्वताजवळच्या मठात त्याची सुरियानी भाषेतील प्रत सापडली. त्यात ख्रिस्ती लोकांचे वर्णन करताना तो सांगतो की त्यांच्यात कोणी गरजू असेल आणि यांच्याजवळ देण्याइतके शिल्लक नसेल, तर ते दोन-तीन दिवस उपास करतात आणि वाचलेले अन्न त्या गरजूला देतात. जवळपास त्याच काळात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथातही असाच नियम आहे: उपासाच्या दिवशी भाकर व पाणी एवढेच घ्यावे, एरवीच्या जेवणाला किती खर्च आला असता त्याचा हिशेब करावा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. शिलकीतून देणे हा एक प्रकार झाला. शिल्लक नसताना ती स्वतःच्या ताटातून निर्माण करणे हा दुसरा. कणगी घराची असते, ताट मात्र आपले.

तिसऱ्या शतकातील आलेक्सांद्रियाचा बिशप दिओनुसियस याच्या पत्रातील वर्णनही येथे जुळते. त्या शहरातील ख्रिस्ती लोकांनी आधी छळ सोसला, मग युद्ध व दुष्काळ सोसला आणि त्यातून डोके वर काढतात तोच महामारी आली. लोक आपल्याच आजारी नातलगांना रस्त्यावर टाकून पळत असताना पुष्कळ ख्रिस्ती बंधूंनी जिवाची पर्वा न करता रुग्णांची सेवा केली आणि त्यांच्याबरोबर तेही मेले, असे तो लिहितो. अर्थात तो स्वपक्षाविषयी लिहीत आहे, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे. परंतु पुढे ३६२ च्या सुमारास ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेला सम्राट जुलियन आपल्या एका पुरोहिताला तक्रारीच्या सुरात लिहितो की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्या गरिबांनाच नव्हे, तर आपल्याही गरिबांना पोसतात आणि आपली माणसे मात्र आपल्याकडून उपेक्षित राहतात. विरोधकाची ही साक्ष मला अधिक भरवशाची वाटते.


नवापूरचा_जुना

थोडक्यात लिहितो. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला; भारतातील ती पहिली नोंद. शेडमधल्या कोंबड्या मारल्या गेल्या, तशा परसातल्याही गेल्या. आमच्याकडे अर्पणात अंडी, कोंबडी, तूर, भाजी असे काहीही येते आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या महिन्यांत टोपली जवळजवळ रिकामीच फिरे. कोणाजवळच काही नव्हते, त्यामुळे कोणी कोणाला द्यायचे हा प्रश्नच विनोदी वाटे. तेव्हा एका वृद्ध सभासदाने टोपलीत चिठ्ठी टाकली की ‘दोन दिवस काम’. त्याचा लिलाव करायचा कसा, यावर पंचांत बराच खल झाला. शेवटी छप्पर शाकारणी राहिलेल्या एका बाईच्या घरी तो जाऊन आला. पुढच्या रविवारी अशा पाच-सहा चिठ्ठ्या होत्या. मनुष्याजवळ जे नाही त्याप्रमाणे नव्हे, तर जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होते, हे त्याच आठव्या अध्यायातले वचन आम्ही तेव्हा शिकलो.


केळीवाला_रावेर

मी ख्रिस्ती नाही; घरी विठ्ठलाची माळ आहे. परंतु हा धागा वाचून एक प्रसंग लिहिल्यावाचून राहवत नाही, आणि त्यात मी घेणाऱ्याच्या बाजूला आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस वादळाने माझा कापणीला आलेला बाग एका तासात आडवा केला. ज्यांनी केळीचा पडलेला बाग पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की नुकसान तर होतेच, पण ते खोड उचलून शेत मोकळे करायलाही पुन्हा पैसा लागतो. सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणारी एक टोळी माझ्याकडे कापणीला असे. बाग पडला म्हणजे त्यांची त्या महिन्याची मजुरीही पडली. त्यांचे नुकसान माझ्याइतकेच होते, कारण मला निदान भरपाईची आशा होती आणि त्यांना तीही नव्हती. त्यांच्यातली सात माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी आली आणि दोन दिवस खोडे ओढून बांधावर टाकत राहिली. मी मजुरीचे बोललो तर मुकादम म्हणाला की या दोन दिवसांची नको, आम्ही आपसांत ठरवले आहे. ते लोक ख्रिस्ती आहेत हे मला ठाऊक होते.

आता मनातले प्रामाणिकपणे सांगतो. मला पहिल्यांदा संशय आला. आमच्या भागात या विषयावर काय काय बोलले जाते ते आपणा सर्वांना माहीत आहे. हे आता काही पुस्तक देतील, बोलावणे करतील, अशी मी वाट पाहत राहिलो. तसे काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी जेवणापूर्वी त्यांनी डोळे मिटून दोन मिनिटे प्रार्थना केली, एवढेच. पण संशय गेल्यावर दुसरे जड वाटू लागले, ते म्हणजे आपल्यापेक्षा गरीब माणसाकडून घेणे. मालक म्हणून मी त्यांना सणाला कपडे देत असे आणि त्यात मला माझा मोठेपणा दिसत असे. त्या दोन दिवसांनी तो मोठेपणा गेला. मी ते ऋण अजून नीट स्वीकारू शकलेलो नाही.


महूची_सावली

केळीवाला दादा, संशयाचे आपण उघड लिहिलेत, हे फार बरे केले. मदतीच्या मोबदल्यात श्रद्धा मागणे हा सौदा आहे आणि ज्या कोणी तो केला असेल त्याने आमच्या लोकांचेही नुकसानच केले आहे. येशूने सांगितलेल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला त्या परक्या शोमरोन्याने काही विचारल्याचा उल्लेख नाही. तेल व द्राक्षारस घालून जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले, आणि तो पुढे निघून गेला.

आपल्या मुकादमाविषयी वाचताना मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. तरुण वयात दुष्काळातील उपासमारीत त्यांनी आई-वडील गमावले होते. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. ज्या अमेरिकन मंडळाने त्यांच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले होते त्याची मुदत तेव्हा संपत आली होती. म्हणजे आहेत त्या मुलींचे पुढे काय, हाच प्रश्न समोर असताना त्यांनी शेकडो मुली वाढवल्या आणि त्यातून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. भूक काय असते हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आपला बाग पडल्यावर पुढे काय काय होते, हेही त्या सात माणसांना तसेच कळले असावे.

पांझराकाठताई, तुमच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी मला घरी बोलावे लागेल. दोन दिवस द्या.


ऐझॉलहून_परत

बँकेच्या नोकरीत माझी तीन वर्षे मिझोराममध्ये गेली. तेथे गाडग्यातल्या मुठीला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. १९१० पासून ही प्रथा आहे आणि ती बायकांनी चालवली आहे: प्रत्येक वेळी भात शिजायला टाकताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे आणि गोळा झालेले मंडळीला द्यायचे. घरमालकीणबाईंना मी विचारले होते की तांदूळ कमी असतील तेव्हा काय करता. त्या म्हणाल्या की मूठ लहान करतो, पण मूठ चुकवत नाही. त्यांची नात मात्र हसून म्हणाली की आजीची मूठ कधी लहान होत नाही, पातेले लहान होते.


महूची_सावली

पांझराकाठताई, तुम्ही विचारलेले खरे होते, आणि मी पहिल्या लिखाणात गोष्ट अर्धीच सांगितली होती. ती मुद्दाम लपवली असे नाही. सांगताना आपण गोष्ट जेथे गोड असते तेथे थांबतो.

त्या वर्षी आषाढात, म्हणजे ऐन पेरणीच्या वेळी, आई विहिरीवर भोवळ येऊन पडली. दवाखान्यात अशक्तपणा सांगितला, अंगात रक्त कमी होते. नऊ दिवस ती अंथरुणावर होती. वहिनीचे ते दिवस तिच्या उशाशी गेले, भावाला एकट्याने पेरणी उरकावी लागली आणि दवाखान्याचे पैसे त्याने उसने आणले, कारण कापसाचे पैसे अजून हाती आले नव्हते. उपाशी राहण्याचा आणि या पडण्याचा संबंध होताच असे डॉक्टर म्हणाले नाहीत. भाऊ म्हणतो, आणि त्याला खोडून काढण्याजोगे माझ्याजवळ काही नाही.

काल मी दोघांनाही समोर बसवून हा धागा वाचून दाखवला. तुमच्या वडिलांचे वाचताना आई गप्प झाली. मग म्हणाली की त्या पोरीची फी द्यायला नको होती. थोड्या वेळाने म्हणाली की तो आजारी माणूस जगला की नाही, तेवढे तिला विचार. भावाला अरिस्तिदीसाचा उपास आवडला नाही. त्याचे म्हणणे असे की दोन-तीन दिवसांचा उपास वेगळा आणि लपूनछपून महिनाभर अर्धपोटी राहणे वेगळे. आईने सर्वांना सांगितले असते तर सहा जणांनी मिळून प्रत्येकी चतकोर सोडला असता आणि कोणी पडले नसते. आई म्हणाली, सांगितले असते तर तू सोडू दिले नसतेस. भाऊ म्हणाला, पहिल्या दिवशी नसते दिले, चौथ्या दिवशी दिले असते. यावर आई काही बोलली नाही. आठव्या अध्यायात पौल जेथे समानतेचे बोलतो, म्हणजे दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला भार असे व्हावे म्हणून मी लिहीत नाही असे म्हणतो, ते वचन मी भावाला दाखवले. त्याने ते दोनदा वाचले आणि ओसरीतल्या वडिलांनाही दाखव म्हणाला.

आईच्या आजारपणानंतर भावाने घरात एक नियम केला, तो आजतागायत आहे. सुगीपासून ज्येष्ठापर्यंत गाडगे चुलीशेजारी राहते आणि त्यात पहिली मूठ तो स्वतः टाकतो. आषाढ ते भाद्रपद, म्हणजे नवे धान्य येईपर्यंत, गाडगे पालथे घालायचे. सध्या आषाढ चालू आहे. आई अधूनमधून ते सुलटे करून ठेवते आणि संध्याकाळी शेतातून आल्यावर भाऊ ते पुन्हा पालथे घालतो. दोघेही त्याविषयी बोलत नाहीत. काल मात्र पालथे घालण्यापूर्वी त्याने आत हात घालून पाहिला, दोन मुठी ज्वारी निघाली, ती त्याने कणगीत न टाकता फडक्यात बांधली आणि खुंटीला लावून ठेवली.